म्हाताऱ्या कुत्र्याचा अपराध

महाभारताच्या आरंभीं एक कुत्रा मार खातो आणि शेवटीं एक कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत जातो. दुसऱ्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याला टाकून येण्यापेक्षां युधिष्ठिरानें इंद्राचा रथ नाकारिला. पहिल्याची मात्र आठवण फारशी कोणी ठेवीत नाहीं. कुरुक्षेत्रीं जनमेजयाचें सत्र चाललें असतां सरमा नांवाच्या देवशुनीचा मुलगा तेथें आला आणि जनमेजयाच्या भावांनीं त्याला बडवून हांकून दिलें. तो रडत आईकडे गेला. आपण हविर्द्रव्य चाटलें नाहीं, त्याकडे पाहिलें देखील नाहीं, असें त्यानें तिला सांगितलें. सरमा तडक यज्ञमंडपांत गेली आणि तिनें एवढेंच विचारिलें, कीं ह्याचा अपराध कोणता? त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. तेव्हां निरपराध्यास मारणाऱ्यावर न दिसणारें भय कोसळेल, असा शाप देऊन ती निघून गेली.

सरमेचा हा प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरांत पुन्हां उपस्थित झाला. आणि ह्या खेपेस आरोपीच्या पिंजऱ्यांत आम्ही स्वतः होतों.

आमच्या घरीं मोती नांवाचा एक कुत्रा चौदा वर्षें होता. तारुण्यांत शहाणा कुत्रा म्हणून त्याचा आळींत लौकिक असे. फाटकाची कडी वाजली कीं आलेला मनुष्य घरचा कीं परका हें तो उठण्यापूर्वींच ओळखी. स्वयंपाकघराचा उंबरठा त्यानें जन्मांत ओलांडिला नाहीं. तेरावें वर्ष सरल्यावर ह्या सद्गुणी प्राण्याची वर्तणूक पालटूं लागली. दिवसभर तो झोंपे आणि रात्रीं दोन वाजतां उठून भिंतीकडे तोंड करून भुंके. दार जिकडून उघडतें तिकडे न थांबतां तो बिजागरीच्या बाजूस जाऊन उभा राही. कपाटामागच्या फटींत शिरला तर मागें सरून बाहेर यावें हें त्याला सुचत नसे. एके दिवशीं त्यानें देवघराच्या दारांतच घाण केली. आम्हीं त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीनें मारिलें आणि मागच्या पडवींत नेऊन बांधिलें. लाडावल्यामुळें तो बिघडला अशी आमची समजूत. आमच्या मातोश्रींस त्या वेळीं त्र्याऐंशीवें वर्ष चालूं होतें. त्या काठी टेंकीत पडवीच्या दारापाशीं आल्या आणि म्हणाल्या, "अरे, त्याला म्हातारचळ लागलाय. चळ लागलेल्याला कुणी मारतं का? उद्यां मला लागला म्हणजे काय करशील?"

आम्हीं दोरी सोडिली. ह्या प्रश्नाला जनमेजयाच्या भावांपाशीं जेवढें उत्तर होतें तेवढेंच आमच्यापाशीं होतें. लाज वाटली म्हणजे पुस्तकें उघडावयाचीं ही आम्हां शिक्षकांची जुनी खोड. कुत्र्याचें शरीर म्हातारें होतें हें मनुष्याला प्रथमपासून ठाऊक असलें पाहिजे. पण त्याचें मनही म्हातारें होतें, आणि त्या मनाच्या चुका म्हणजे अपराध नव्हेत, हें त्याला केव्हां समजलें? ह्या प्रश्नाच्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

युरोपच्या वाङ्मयांतला पहिला प्रसिद्ध म्हातारा कुत्रा म्हणजे होमरच्या ओडिसी काव्यांतला आर्गोस. वीस वर्षांनीं ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषांत आपल्या घरीं परत येतो. ज्याला त्यानें लहानपणीं पोसलें तो कुत्रा दारासमोरच्या शेणाच्या ढिगावर, अंगभर गोचिडी लागलेल्या स्थितींत पडलेला असतो. धन्याची चाहूल लागतांच तो शेपूट हालवितो आणि कान पाडतो. पण उठून जवळ येण्याचें त्राण त्याला नसतें. ओडिसियस सोबत्यापासून तोंड लपवून डोळे पुसतो आणि आंत जातो. इकडे आर्गोसचा प्राण जातो. ह्या प्रसंगावर पिढ्यान् पिढ्या रसिकांनीं अश्रु ढाळिले आहेत. परंतु त्यांत एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. आर्गोसच्या ह्या दशेचें कारण त्याचें वय नव्हे. धनी घरीं नाहीं म्हणून नोकर त्याची निगा राखीत नाहींत, असें डुकरें राखणारा युमेयस स्पष्ट सांगतो. म्हणजे म्हातारपण आणि हेळसांड ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हें होमरला दिसलें होतें. दुसरेंही त्याला दिसलें होतें: शरीर संपलें तरी जुनी ओळख शेवटपर्यंत उरते.

त्यानंतर सुमारें चारशें वर्षांनीं झालेल्या ॲरिस्टॉटलनें ह्याच कुत्र्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेनें पाहिलें. प्राण्यांवरील आपल्या ग्रंथांत तो लिहितो कीं लॅकोनियाच्या जातीचा कुत्रा दहा वर्षें आणि कुत्री बारा वर्षें जगते, इतर जातींचीं चौदा-पंधरा आणि कांहीं वीस वर्षेंही जगतात. म्हणून आर्गोसला विसाव्या वर्षीं मरण दिलें हें होमरनें योग्यच केलें असें कित्येकांस वाटतें. कुत्र्याचें वय दांतांवरून ओळखावें, तरुणाचे दांत पांढरे व तीक्ष्ण, म्हाताऱ्याचे काळे व बोथट असतात, हेंही तो नमूद करतो. आयुष्य मोजलें गेलें, दांत मोजले गेले. परंतु म्हाताऱ्या कुत्र्याच्या मनांत काय चाललें आहे ह्याची चौकशी ह्या महापंडितानें केली नाहीं.

आपल्याकडेही थोडीफार तीच गत. पाणिनीनें श्वन्, युवन् आणि मघवन् ह्या तीन शब्दांस एकाच सूत्रांत बसविलें. कुत्रा, तरुण आणि देवांचा राजा इंद्र ह्यांची ती पंक्ति पाहून वैयाकरणांनीं पुष्कळ विनोद केला आहे. व्याकरणांत का होईना, कुत्र्याला तारुण्याचा शेजार मिळाला. नीतिशास्त्रांतही तो तरुणच आहे. चाणक्याच्या नांवावर चालत आलेल्या श्लोकांत कुत्र्यापासून शिकण्यासारखे सहा गुण सांगितले आहेत: मिळेल तेव्हां पुष्कळ खाणें, न मिळेल तेव्हां थोडक्यांत समाधान मानणें, गाढ झोंपणें, चाहूल लागतांच जागें होणें, स्वामिभक्ति आणि शौर्य. ही यादी राखणदाराची आहे. वार्धक्य आलें म्हणजे ह्यांतले गुण एकामागून एक गळूं लागतात. झोंप विस्कटते, चाहूल लागत नाहीं, कधीं कधीं धनीही ओळखूं येत नाहीं. मग त्या कुत्र्यापासून मनुष्यानें काय शिकावें हें तो श्लोक सांगत नाहीं.

आमच्या शोधांत ह्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ आलेला प्राचीन लेखक म्हणजे प्लुटार्क. आणि तोही कुत्र्यांवर लिहीत नव्हता, एका थोर रोमन पुरुषाचें चरित्र लिहीत होता. वडील कॅटो हा साधेपणाबद्दल आणि काटकसरीबद्दल विख्यात. शेतीवरील आपल्या ग्रंथांत त्यानें धन्यास असा उपदेश केला आहे कीं म्हातारे बैल विकावे, मोडकी गाडी विकावी आणि म्हातारा किंवा रोगी गुलामही विकून टाकावा. हें सांगतांना प्लुटार्कची लेखणी अडते. तो म्हणतो कीं मनुष्यांशीं वागतांना कायदा व न्याय पुरे. पण दयेचें क्षेत्र त्याहून विशाल आहे आणि तें मुक्या प्राण्यांपर्यंत पोंचतें. थकलेल्या घोड्यांस पोसणें, आणि कुत्र्यांचें केवळ पिलेंपणींच नव्हे तर म्हातारपणींही संगोपन करणें, हें सज्जनाचें कर्तव्य होय. ह्या म्हातारपणच्या संगोपनाला त्यानें जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा अर्थ वृद्धांची शुश्रूषा असाच आहे. आईबापांची करावयाची तीच शुश्रूषा. पुढें तो दाखले देतो. अथेन्सचें तें मोठें देवालय बांधून झाल्यावर कष्टलेल्या खेंचरांना लोकांनीं मोकळें सोडिलें. त्यांतलें एक आपण होऊन परत कामावर आलें आणि ओझें ओढणाऱ्या जनावरांच्या पुढें पुढें चालूं लागलें, तेव्हां त्याला सरकारी खर्चानें मरेपर्यंत पोसण्याचें ठरलें. पेरिक्लीझचा बाप झँथिप्पस ह्याचा कुत्रा धन्याच्या गलबतामागें सॅलॅमिस बेटापर्यंत पोहत गेला, आणि जेथें त्याला पुरलें त्या भूशिराला 'कुत्र्याचें थडगें' हें नांव पडलें.

वाचकांनीं प्लुटार्कच्या ह्या विचाराची दिशा ध्यानांत घ्यावी. म्हातारा कुत्रा, म्हातारा बैल आणि म्हातारा गुलाम हे प्रश्न त्याला वेगवेगळे वाटत नाहींत. ज्याचा उपयोग संपला त्याच्याशीं घरानें कसें वागावें, हा तो एकच प्रश्न आहे. आमच्या मातोश्रींनीं प्लुटार्क वाचलेला नव्हता; पण पडवीच्या दारांत त्या नेमकें हेंच बोलल्या होत्या.

प्लुटार्कनंतर पुष्कळ शतकें ह्या विचारांत भर पडलेली दिसत नाहीं. उलट एक म्हण मात्र घट्ट रुजली. म्हाताऱ्या कुत्र्याला नवी युक्ति शिकवितां येत नाहीं, ही इंग्रजी म्हण आमच्या पिढीनें शाळेंतच पाठ केली. तिचें मूळ सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फिट्झहर्बर्टच्या नांवानें छापलेल्या शेतीवरील पुस्तकांत सांपडतें. मेंढपाळानें आपला कुत्रा पिलूं असतांनाच तयार करावा, म्हातारा झाल्यावर तो शिकणें कठीण, एवढाच त्या ठिकाणीं मुद्दा आहे. मेंढपाळाचा हा व्यावहारिक सल्ला पुढें मनुष्यांनाही लागूं झाला आणि म्हातारपणाविषयींचा एक सिद्धांतच होऊन बसला. आपली 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण त्याच कुळांतली.

पशुवैद्यकाकडे पाहावें तर तेथेंही कुत्र्याला उशिरां प्रवेश मिळाला. १७६१ सालीं फ्रान्समध्यें लिआँ येथें पहिली पशुवैद्यक शाळा निघाली ती गुरांच्या सांथी आणि घोड्यांचे रोग ह्यांसाठीं. नांगर आणि तोफखाना ह्यांना ज्याची गरज त्याची चिकित्सा आधीं झाली. आपल्याकडे मुंबईस परळ येथें १८८३ सालीं दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या दातृत्वानें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें आणि १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरूं झालें, तेव्हां मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांचें आणि बैलांचेंच राज्य होतें.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या मनांत डोकावण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न रशियांत झाला. पचनेंद्रियांवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारा पाव्हलॉव्ह पुढें कुत्र्यांच्या शिकण्याकडे वळला. एखादा आवाज झाला म्हणजे खाणें मिळतें हें कुत्रा शिकतो, तसेंच दुसरा एखादा आवाज झाला तर मिळत नाहीं, तेव्हां स्वस्थ राहावें, हेंही शिकतो. पहिल्या क्रियेला उद्दीपन आणि दुसरीला निरोध म्हणतात. त्याच्या प्रयोगशाळेंत म्हातारे झालेले कुत्रेही होते. वार्धक्यांत प्रथम ढिली पडते ती निरोधाची शक्ति, असें पाव्हलॉव्हचें मत झालें. ही गोष्ट गृहस्थाच्या भाषेंत सांगावयाची तर अशी: सभ्यपणा म्हणजे पुष्कळ अंशीं स्वतःला आवरणें. न भुंकणें, न ओलांडणें, बाहेर नेईपर्यंत थांबणें, हें सर्व आवरणेंच आहे. कुत्र्याला आपण जें वळण लावितों त्याचा बराच भाग ह्या शक्तीवर उभा असतो. तीच ओसरली म्हणजे कुत्रा बिघडला असें आपल्याला वाटतें.

ही शक्ति कां ओसरते ह्याचा शोध मात्र मनुष्याच्या मेंदूवरून कुत्र्याच्या मेंदूकडे आला. १९०६ सालीं जर्मन वैद्य आल्झायमर ह्यानें स्मृति व भान हरवून मरण पावलेल्या एका बाईच्या मेंदूंत सांचलेले विचित्र थर दाखविले. १९५६ सालीं फॉन ब्राउनम्यूल ह्या जर्मन संशोधकानें अतिवृद्ध कुत्र्यांच्या मेंदूंत तसलेच थर असल्याचें प्रसिद्ध केलें. हे थर ज्या द्रव्याचे होतात त्या प्रथिनाची घडण मनुष्यांत आणि कुत्र्यांत तंतोतंत एक आहे, हें नंतर सिद्ध झालें. दोन्ही रोग सर्वस्वी एक नव्हेत. मनुष्याच्या मज्जापेशींत ज्या दुसऱ्या प्रकारच्या गुंतागुंती आढळतात त्या तशाच्या तशा कुत्र्यांत सहसा दिसत नाहींत. तथापि म्हातारचळ हा एकच शब्द दोघांस लावणाऱ्या आमच्या मातोश्री शास्त्राला फारशा सोडून नव्हत्या.

१९९० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत कॉटमन आणि कॅनडांत टोरोंटो येथें मिल्ग्रम ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बीगल जातीच्या कुत्र्यांची रीतसर परीक्षा घेण्यास आरंभ केला. दोन वस्तु पुढें ठेवावयाच्या आणि त्यांतल्या एकीखालीं खाऊ लपवावयाचा. म्हातारे कुत्रे ही साधी निवड तरुणांइतकीच बरी शिकत. पण खाऊ एकाएकीं दुसऱ्या वस्तूखालीं ठेवूं लागलें कीं त्यांची गाडी अडे. आधीं शिकलेलें सोडून नवें धरणें त्यांना जड जाई. ही उघडच पाव्हलॉव्हच्या निरोधाची गोष्ट झाली. आणि शोधिली तर आर्गोसचीही आहे. जुनें पुसलें जात नाहीं, नवें बसत नाहीं. बिजागरीपाशीं दार उघडण्याची वाट पाहणारा आमचा मोती दाराची गोष्ट विसरला नव्हता. त्याच्या पुढची जुळवाजुळव त्याला जमत नव्हती.

ह्या शोधाला लौकरच व्यवहाराचें रूप आलें. मनुष्याच्या कंपवातावर वापरण्यांत येणारें सेलेजिलिन हें औषध कुत्र्यांच्या ह्या विकारासाठीं अमेरिकन सरकारनें १९९८ सालीं मान्य केलें. २००१ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं एकशें ऐंशीं कुत्र्यांच्या धन्यांकडे विचारपूस करून चार गोष्टी तपासल्या: घरांत व अंगणांत वाट चुकणें, माणसांशीं वागण्यांत फरक पडणें, झोंपेची वेळ उलटणें आणि घरांत घाण करणें. अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकीं २८ टक्क्यांत ह्यांतलें निदान एक लक्षण आढळलें. पंधरा-सोळा वर्षांच्यांत हें प्रमाण ६८ टक्के होतें. मोतीच्या अंगीं चारांपैकीं तीन लक्षणें होतीं आणि त्या प्रत्येकाबद्दल त्यानें आमचीं बोलणीं खाल्लीं होतीं.

ऑस्ट्रेलियांतील २०१० सालची पाहणी आम्हांस सर्वांत बोचली. उतारवयाच्या कुत्र्यांपैकीं १४.२ टक्क्यांत हा विकार असावा असा त्या पाहणीचा अंदाज निघाला. पण वैद्यानें तसें निदान केलेले कुत्रे अवघे १.९ टक्के होते. बाकीच्यांविषयीं घरोघर काय बोललें जात असेल ह्याची कल्पना आम्ही स्वानुभवानें करूं शकतों.

आतां त्या म्हणीचें काय झालें तें सांगितलें पाहिजे. मिल्ग्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांचे चार गट केले. एकाचा आहार सुधारिला. त्यांत जीवनसत्त्वें, पालक, गाजर, टोमॅटो अशा पदार्थांची भर घातली. दुसऱ्याला सोबती, फिरणें, खेळणीं आणि रोज कांहीं नवें शिकण्याचें काम दिलें. तिसऱ्याला दोन्ही दिलें आणि चौथ्याला कांहींच नाहीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत असें दिसलें कीं ज्यांना दोन्ही मिळालें त्यांची शिकण्याची शक्ति सर्वांत चांगली टिकली. म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याला नवी युक्ति शिकवितां येते. इतकेंच नव्हे, तर शिकवीत राहिल्यानें त्याचें म्हातारपण सुसह्य होतें. चारशें वर्षांहून अधिक चाललेली म्हण अशी मोडली. ती मोडण्यासाठीं ज्या कुत्र्यांनीं आपलें आयुष्य प्रयोगशाळेंत घालविलें, आणि शेवटीं ज्यांचे मेंदूही तपासण्यांत आले, त्यांचें ऋण उच्चारल्यावांचून पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल.

अमेरिकेंत २०२२ सालीं पंधरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती एकत्र करून पाहण्यांत आली. वय, जात, प्रकृति ह्या गोष्टी समान धरल्या तर प्रत्येक अधिक वर्षागणिक ह्या विकाराचा संभव सुमारें निम्म्यानें वाढतो, आणि न हिंडणाऱ्या कुत्र्यांत तो खूप हिंडणाऱ्यांच्या सहापटींहून अधिक असतो, असें त्यांत दिसलें. येथें मात्र घाईनें अनुमान काढूं नये. न हिंडल्यानें चळ लागला, कीं चळ लागल्यानें हिंडणें सुटलें, हें अशा पाहणीवरून ठरत नाहीं. तसेंच रात्रीं भुंकणारें प्रत्येक म्हातारें कुत्रें चळलेलेंच असेल असेंही नव्हे. सांधे दुखत असतील, दृष्टि किंवा श्रवण गेलें असेल, मूत्रपिंडें थकलीं असतील. म्हणून धन्यानें आधीं पशुवैद्याकडे जावें आणि निदान मागाहून बोलावें, हाच शहाणपणाचा क्रम होय.

आम्हांस तो क्रम उशिरां सुचला. तपासणी झाल्यावर वैद्यांनीं जें सांगितलें त्यांत औषध थोडें आणि घरच्यांस उपदेश फार होता. सामानाची जागा बदलूं नये, पडवींत रात्रभर मंद दिवा ठेवावा, बाहेर नेण्याच्या खेपा वाढवाव्या, रोज एखादी वस्तु लपवून शोधावयास लावावी, आणि शिक्षा मुळींच करूं नये. कारण केलेलें कृत्य ज्याला आठवत नाहीं त्याला शिक्षेचें कारणही कळत नाहीं, त्याला फक्त भय कळतें. न दिसणाऱ्या भयाचा शाप सरमेनें राजाला दिला होता. आमच्या घरीं तें भय वर्तमानपत्राच्या सुरळीच्या रूपानें आम्हींच कुत्र्याच्या वांट्याला आणिलें होतें.

त्यानंतर मोती सात महिने जगला. तो बरा झाला नाहीं. पण रात्रींचें भुंकणें पुष्कळ कमी झालें आणि पडवींतला त्याचा कोपरा त्याला सांपडूं लागला. शेवटच्या महिन्यांत तो आमच्याकडेही कधीं कधीं परक्याकडे पाहावें तसा पाही. परंतु मातोश्रींची काठी फरशीवर वाजली कीं त्याचें शेपूट हाले. त्या तेथें खुर्ची टाकून बसत, आणि त्यांनीं जपमाळ बाजूला ठेविली म्हणजे तो डोकें त्यांच्या पायांवर टेंकी. दोघांनाही ऐकूं कमी येत असे; तरी त्या त्याच्याशीं बोलत असत. एकदां आम्हीं सहज विचारिलें कीं त्याला काय कळतें? त्या म्हणाल्या, "कळत नाहीं म्हणून तर जवळ बसायचं."